जोळीचा शेवटचा भाद्रपद

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की कल्याणच्या आमच्या आळीत दुपारभर वड्यांचा आणि खिरीचा वास कोंडून राहतो. आज या घरी पान, उद्या त्या घरी. भटजींची धावपळ बघवत नाही. मला मात्र या पंधरवड्यात खिरीचा वास येईनासा होतो आणि चिखलाचा येऊ लागतो. खाडीचा काळा, खारट, किंचित कुजका चिखल. अमावास्या जवळ येईल तसा तो वास घरात शिरतो, उशीला लागतो. सूनबाई म्हणते, "सासूबाई, गटाराचा असेल हो." असेलही. कल्याणच्या गटारांवर मी कधी खोटा आळ घेतलेला नाही, पण हा वास त्यांचा नव्हे.

यंदा त्यात एका भाषणाची भर पडली. म्युनिसिपालटीच्या निवडणुकीला उभे असलेले एक गृहस्थ परवा समोरच्या देवळाच्या ओट्यावर उभे राहून बोलत होते. मी नसतो तर तुमची काय गत झाली असती, तुमच्यासाठी मी किती घाव सोसले, माझ्यावर घाव घालणारे ते तुमचेच वैरी, असं सगळं ओघवतं चाललं होतं. घाव कुठे दिसत नव्हते. अंगरखा पांढराशुभ्र होता आणि उपरण्याची घडीही मोडली नव्हती. तरी खिडक्याखिडक्यांतून बायका पदराने डोळे टिपत होत्या आणि खरं सांगायचं तर माझाही पदर डोळ्यांशी गेला. मग मला स्वतःचाच राग आला, आणि मी खिडकी लावून घेतली. रडवणारा माणूस खोटाच असतो असं असतं तर किती बरं झालं असतं. ओळखायला तरी सोपं गेलं असतं.

मी खरा माणूस पाहिला आहे. त्याने खरोखर गाव वाचवलं होतं. तिथूनच सगळं बिघडलं.

आमच्या मास्तरांची नेमणूक डोंबिवलीच्या खाली, खाडीकाठच्या एका गावी झाली तेव्हा मी नुकती घर सांभाळू लागले होते. मास्तर म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची आमच्याकडे रीत नाही आणि गावभर त्यांना मास्तरच म्हणत, म्हणून माझीही सोय झाली. ही अक्षरंही त्यांनीच मला गिरवायला लावली, रात्रीची भांडी झाल्यावर, दार लावून. शाळा गावाच्या कडेला एका उंचवट्यावर होती आणि तिच्या मागेच आमच्या दोन खोल्या. मागच्या परसात उभं राहिलं की सगळं खाजण दिसे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेतं, आणि दोहोंच्या मधे मातीचा एक लांबच लांब बांध. खाऱ्या जमिनीत तिथे राता नावाचं तांबडं भात होई. भाद्रपदात ते निसवायचं, लोंब्या बाहेर पडून दाण्यात दूध भरायचं. वारा आला की सबंध शेत एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळे. आणि बांधाच्या पलीकडे, शेतापेक्षा हातभर वर, खाडीचं पाणी चढलेलं असे. पहिल्या वर्षी ते पाहून मी परसातून घरात पळाले होते. गावातल्या बायका हसल्या होत्या. त्यांना बांधाचा भरवसा होता. आता वाटतं, तो भरवसा बांधाचा नव्हता, जोळीचा होता.

जोळ हा शब्द मी तिथे जाईपर्यंत ऐकला नव्हता. बांधाच्या कामाला घरटी एक माणूस निघायचा, त्या निघण्याला जोळ म्हणत. मजुरी नाही, मुकादम नाही. उधाणाच्या पाण्याने बांधाला भगदाड पडलं की त्याला म्हणायचं खांड. ज्याला ती आधी दिसेल त्याने बांधावरून "खांड, खांड" अशी हाक द्यायची आणि ऐकणाऱ्याने हातातलं काम टाकून, फावडं नाहीतर टोपली उचलून धावायचं. जेवणावरून उठायचं, बारशातून उठायचं. जोळीचा एक नेम होता, तो मला फार आवडे. खांड बुजेपर्यंत ती कशाने पडली, कुणाच्या चुकीने पडली, हे तोंडातून काढायचं नाही. बुजल्यावर, अंग धुतल्यावर हवं तेवढं भांडा. तोवर भांडायचं त्राण कुणात उरत नसे आणि कारण विचाराल तर ते बहुतेक वेळा चिंबोरीच असे. चिंबोऱ्या बांधात बिळं करतात, पाणी त्यांतून वाट काढतं. चिंबोरीशी किती भांडणार? तिचं कालवण करून लोक मोकळे होत.

गावाचे दोन पाडे होते. खालच्या पाड्याची शेतं खोलात, वरच्या पाड्याची जरा उंचावर. पाणी शिरलं तर खालच्यांचं भात आधी जाई, वरच्यांचं मागाहून. बांध एकच, जोळ एकच. लग्नंही याच दोन पाड्यांत इकडून तिकडे होत. सोनूबाई अशीच, वरच्या पाड्याची लेक आणि खालच्या पाड्याची सून. माझ्याच वयाची होती. आमच्या परसातल्या विहिरीचं पाणी गोडं, म्हणून ती रोज यायची. भरून ठेवलेला हंडा तसाच राहायचा आणि आम्ही बोलत बसायचो. तिचा नवरा नारायण, अंगापिंडाने मोठा आणि बोलायला लाजाळू. तिचा भाऊ जनू, वरच्या पाड्यावरचा, सडपातळ, खाडीत जाळं लावून मासळी धरणारा. नवरा नि भाऊ हे दोघे लहानपणापासूनचे दोस्त. लग्न ठरलं ते त्या दोस्तीतूनच. सोनूबाई म्हणायची, "मना कोन बगाला आलाच नाय बाय. दादूस नि हा दोघं बांधावर बसून ठरवून आलं."

त्या वर्षी पितृपक्षात खांड पडली ती भर दुपारी. अमावास्येची भरती तिकडे दुपारचीच. मी परसात धुणं वाळत घालत होते. हाक ऐकली आणि कुंपणाशी धावले. बांध खचून पाणी आत लोटत होतं आणि टाकलेली माती क्षणात वाहून जात होती. तेवढ्यात नारायणने उताणी पडलेल्या मोडक्या होडीची एक फळी ओढली, ती पाठीला लावली आणि खांडीत उतरून पाण्याला पाठ देऊन उभा राहिला. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं. त्याच्या डाव्या अंगाला जनू उतरला. माणसांच्या रांगेतून टोपल्या येत होत्या आणि जनू त्या घेऊन नारायणच्या पायांशी, कमरेशी, काखेशी चिखल दाबत होता. दोन्ही पाड्यांची माणसं त्या रांगेत होती. भरती ओसरेपर्यंत दोघे तसेच उभे होते. खांड बुजली. भात वाचलं. नारायणला वर ओढला तेव्हा त्याची पाठ सोलून निघाली होती. सोनूबाईने तिला खोबरेल लावलं आणि रागाने दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

माणसं त्याला वाटेत थांबवून पाया पडू लागली. ते मला गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्याने पाठ दिली त्याच्यापुढे वाकावं. दसऱ्याला त्याला पहिलं सोनं दिलं. कुणी त्याच्या पाठीचे वण बघायला यायचे, तो लाजून सदरा घालून बसायचा.

पुढे थंडीत ठाण्याचे एक वकील गावात येऊ लागले. तालुक्याच्या लोकल बोर्डावर लोकांनी माणूस निवडून द्यायचा, अशी नवी टूम निघाली होती आणि वकीलसाहेबांना निवडून यायचं होतं. बोलायला अतिशय गोड. आमच्या मास्तरांवर तर त्यांनी मोहिनीच घातली. त्यांनी पहिल्याच सभेत नारायणला जवळ बोलावून त्याचा सदरा वर करून पाठ लोकांना दाखवली. म्हणाले, "हे वण नारायणाच्या पाठीवरचे नव्हेत. हे तुम्हां सगळ्यांच्या पाठीवरचे आहेत." बायका रडल्या. मीही रडले. मग त्यांनी हळूच विचारलं, "पण बांध फुटला कसा? की कुणी फोडला?"

जोळीत जो प्रश्न कुणी काढत नसे तो असा पाहुण्याने काढला. खांड केव्हाच बुजली होती, तेव्हा नेम काही मोडला नव्हता. पण पूर्वी हा प्रश्न विचारून लोक हसत, चिंबोरीला शिव्या देत आणि घरी जात. या वेळी कुणी हसलं नाही.

गोष्ट कशी वाढते ते मी विहिरीवर बसून पाहिलं. आधी बायका सांगायच्या, नारायण आणि जनू खांडीत उतरले. मग सांगू लागल्या, नारायण उतरला, जनू काठावरून चिखल देत होता. काही दिवसांनी जनू रांगेत मागे कुठेतरी गेला. होळीच्या सुमाराला तो गोष्टीतून नाहीसाच झाला आणि चैत्रात परत आला तो पलीकडच्या बाजूने. आता तो बांधाजवळ जाळं लावणारा झाला होता. जाळ्यात मासे यावेत म्हणून बांधाला भोक पाडणारा. मग एकट्या जनूवर थांबून कसं चालेल? वरचा पाडा उंचावर, त्यांना कसली भीती, त्यांना आपलं भात बघवत नाही, असं होता होता सबंध वरचा पाडा बांधफोड्या ठरला. हे कुणी एकाने रचलं नाही. प्रत्येकाने आपल्या पदरचं थोडं थोडं घातलं आणि प्रत्येकाला आपण ऐकलेलंच सांगतो आहोत असं वाटलं.

खालच्या पाड्याला खरे अन्याय काय कमी होते? खाडीकाठची मिठागरं बंद करायचे हुकूम आले होते. ताडीवर कर बसला होता. रानात मोळी बांधली की शिपाई आडवा यायचा. पण ते करणारे खुर्चीवर बसणारे होते, आणि वकीलसाहेबांचं त्यांच्याकडे जाणंयेणं होतं. वरचा पाडा हाकेच्या अंतरावर होता आणि त्याला खुर्ची नव्हती. शिवाय दुःखाला कारण मिळालं की ते हलकं होतं. त्यात कारण म्हणून माणूस मिळाला तर ते गोडही लागू लागतं. विहिरीवर येणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत एक तेज आलं होतं. आपण छळले गेलेले आहोत, आपल्याला तारणारा आपल्यातच आहे, हे कळल्याचं तेज. वर्षानुवर्षं नुसतं गरीब असण्यापेक्षा ते बरं वाटत असणार. मी त्यांना हसत नाही.

आमच्या शाळेच्या अंगणात पोरं 'खांड खांड' खेळू लागली. नारायण व्हायला सगळ्यांची भांडणं. बांधफोड्या व्हायला वरच्या पाड्याच्या पोरांना धरून आणायचे आणि मारायचे, खेळातलंच मारणं, पण मारणं. हळूहळू वरच्या पाड्याची पोरं शाळेत यायची थांबली. मी मास्तरांना म्हटलं, "अहो, जनू नारायणच्या बाजूला होता. मी पाहिलंय. तुम्ही पोरांना सांगा ना." ते म्हणाले, "अगं, तो तपशील झाला. लोक प्रथमच एक होताहेत, ते पाहा." अर्धा गाव सोडून बाकीचा अर्धा एक होत होता, हे त्या भल्या माणसाला दिसलं नाही.

नारायणचं काय? त्याचं सोनूबाईने मला सांगितलं. पहिल्या सभेनंतर तो घरी येऊन म्हणाला होता, "जनूपन व्हता ना माझे बाजूला. ते इसरलं वकील." पुढच्या सभेत त्याने उठून तसं सांगितलंही. वकीलसाहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून लोकांना म्हणाले, "पाहा, थोर माणसं श्रेय असं वाटून टाकतात." टाळ्या पडल्या. तिसऱ्यांदा तो उठला नाही. मग एकदा जेवताना सोनूबाईने भावाचं नाव काढलं तर तो ताटाकडे बघत म्हणाला, "यवरं समदं बोलतान, त्यात कायतरी आसंल."

हे सांगताना ती रडली नाही. हंड्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "बाय, मी दोगांना वलखतंय," ती म्हणाली. "एकाची मी भन, एकाची बायको. तरी मना कोन इचारीत नाय." त्या श्रावणात नारळीपौर्णिमेला तिला माहेरी जाऊ दिलं नाही. वरच्या पाड्याच्या वाटेवर उभी राहून ती परत आली.

भाद्रपद आला. उधाणाआधी बांधाची डागडुजी करायला जोळ निघायची, तेव्हा खालच्या पाड्याने वरच्या पाड्याला निरोप धाडला की तुमच्या हातची माती बांधाला नको. अर्ध्या माणसांनी अर्धं काम केलं. अर्ध्यांतलेही पुष्कळ आले नाहीत. आपल्याला नारायण आहे, असं ते मोकळेपणाने म्हणत. पूर्वी खांड पडली तर आपणच बुजवायची, हे दर घराला ठाऊक होतं. आता बुजवणारा एक होता आणि फोडणारे ठरलेले होते. बाकीच्यांना करायला काही उरलं नव्हतं.

सर्वपित्रीला दुपारी पानं वाढलेली. घराघरांवर कावळे जमलेले. मी आमच्या ओटीवर कावळा पानाला शिवायची वाट पाहत होते, तोच हाक आली. "खांड, खांड." आवाज नारायणचा होता. मी परसात धावले. बांध पूर्वीच्याच जागी, पण दुपटीने खचला होता. नारायण फळी घेऊन उतरलेला दिसला, एकटा. खालच्या पाड्यातून माणसं निघत होती, पण ती धावत नव्हती. पानावरून उठून, हात धुऊन, कुणी देवाला नमस्कार करून येत होतं. नारायण उतरलाय म्हटल्यावर घाई कसली? आपण काठावर उभं राहून बघायचं, पुढे पोरांना सांगायचं. अशी बरीच माणसं काठावर उभी राहिली.

आणि मग वरच्या पाड्याकडून माणसं येताना दिसली. ती मात्र धावत येत होती. जनू सगळ्यांच्या पुढे. माझ्या जिवात जीव आला. बांधावर ती अंगाला अंग लावून उभी राहिली, आणि मी पाहत राहिले, कुणी काहीच करीना. मला कळेना काय झालं. मग दिसलं. त्यांचे हात रिकामे होते. एकाच्याही हातात फावडं नव्हतं, कुदळ नव्हती, टोपली नव्हती. वर्षभर त्यांना बांधफोडे म्हटलं होतं. फावडं घेऊन बांधावर सापडलो तर फोडायलाच आलो म्हणतील, म्हणून हाक ऐकताच सगळ्यांनी अवजारं घरी टाकली आणि रिकाम्या हातांनी धावत आली. दोन्ही हात वर करून जनू ओरडत होता, "आमचे हातान कायपन नाय. फावडी द्या. तुमची फावडी द्या आमाला." खालच्या पाड्याच्या माणसांनी आपली फावडी घट्ट धरली. ओंजळीने चिखल उचलून जनू खांडीकडे निघाला तर त्याला दोघांनी मागे ओढला. तेवढ्या वेळात बांधाचा आणखी एक तुकडा सुटला. फळी आधी वर आली. नारायण आला नाही.

तो ओहोटीला सापडला, खाडीकाठच्या तिवरांच्या झुडपांत.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. सगळा खालचा पाडा जमला होता. सोनूबाईला धरून मी मागे उभी होते. रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन मेलेल्याला वचन द्यायला सुरुवात केली. एक म्हणाला, वैऱ्यांना सोडणार नाही. दुसरा म्हणाला, तुझ्या नावाने बांधावर दगड उभा करू. वकीलसाहेबही आले होते, ते म्हणाले, तुझं कार्य मी पुढे चालवीन. कावळे तिवरांवर बसून राहिले. मग सोनूबाई माझ्या हातातून सुटून दोन पावलं पुढे गेली आणि अगदी हळू, नवऱ्याशी घरात बोलावं तसं म्हणाली, "दादूस तुझे बाजूला व्हता. मी सांगन समद्यांना." एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. लोक म्हणाले, वकीलसाहेबांच्या वचनाने शिवला. तिचं बोलणं माझ्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं.

दिवाळी कशीबशी गेली. वकीलसाहेब बोर्डावर निवडून आले आणि शाळेच्या ओट्यावर सभा भरली. सोनूबाईला पुढे बसवलं होतं, पांढऱ्या कपाळाने. बोलायचं काहीच नव्हतं, नुसतं बसायचं होतं. वकीलसाहेबांनी नारायणचं मरण सांगितलं. हाक गेली, वरच्या पाड्याने ऐकली आणि एकही आला नाही, असं ते म्हणाले. तेव्हा ती उठली. मी दाराआड उभी होते. ती म्हणाली, "आलेले. समदं आलेले. हात रिकामं व्हतं त्यांचं, तुमच्या भ्यावानं. नि पयल्या खांडीला दादूस याचे बाजूला उभा व्हता. यानं मना सोताच्या तोंडानं सांगितलेलं."

मला वाटलं, झालं, सुटलो आता. खालच्या पाड्याच्या काही माणसांनी माना खाली घातल्याही होत्या. मग वकीलसाहेबांनी डोळ्यांवर उपरणं धरलं आणि भरल्या आवाजात म्हणाले, "पाहा. ज्यांनी हिचं कुंकू पुसलं त्यांनाही ही माउली पाठीशी घालते आहे. नारायणाची बायको शोभते." खाली गेलेल्या माना वर आल्या. लोक ढसाढसा रडले. बायकांनी उठून सोनूबाईच्या पायांवर डोकी ठेवली. ती मधे उभी राहून म्हणत होती, "तसं नाय, तसं नाय," आणि तिच्या प्रत्येक 'नाय'ला रडणं वाढत होतं.

खोटं बोलणाऱ्याला खोटं पाडता येतं. पण तुमचं खरं उचलून आपल्या गोष्टीत बसवून घेणाऱ्यापुढे काय करायचं, ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही. सोनूबाईने वचन पाळलं होतं. ऐकलंही सगळ्यांनी होतं. आणि तरी कुणाला काही कळलं नव्हतं.

जनू पुढच्या पावसाळ्याआधीच मुंबईला गोदीत निघून गेला. तो पुन्हा दिसला नाही. त्या दिवशी खाजणात शिरलेल्या खाऱ्या पाण्याचं मीठ गेलं नाही, राता पुन्हा निसवला नाही, शेतात तिवरं वाढली. जोळ पुन्हा उभी राहिली नाही, कारण हाक द्यायला कुणी धजेना. हाक देणाऱ्याने आधी पाहिलं म्हणजे तोच फोडणारा, असं कुणी म्हटलं तर? दगड मात्र उभा राहिला. त्यावर नारायणचं नाव आहे. आमच्या मास्तरांनी अक्षरं काढून दिली. त्यांना पुढे पुढे तो दगड बघवत नसे, पण त्यावर ते कधी बोलले नाहीत, आणि आता ते विचारायच्या पलीकडे गेले.

आमची बदली कल्याणला झाली, तरी सोनूबाई येत राहिली. बाजाराला येते, चिंबोऱ्यांची पाटी मागच्या दाराबाहेर ठेवते आणि पायरीवर टेकते. केस पिकले आहेत. बाजारात, वाटेत, भेटेल त्याला ती अजून सांगते की दादूस बाजूला होता. नव्या पोरांना दादूस कोण हे ठाऊक नाही. ती 'हो काकी' म्हणून पुढे जातात.

काल ती आली होती. पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि पाटीवरचा ओला पाला सारखा करू लागली. मग म्हणाली, "बाय, एक इचारू? तू परसातून बगत व्हतीस ना तवा, पयल्या खांडीला?"

"होते की."

"दादूस व्हता ना?" आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मना आताशी सक येतंय. मी बांधावर नवतंच. यानं सांगितलं म्हनून मी सांगतंय. यवरी वर्सं समदी येगलं बोलतान. मी एकलीच आसं बोलतंय. माजंच चुकत नसंल ना?"

"होता गं," मी म्हटलं. "त्याच्या डाव्या अंगाला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

तिने मोठा श्वास सोडला. पाटी उचलायला मी हात दिला आणि ती गेली. मग मी दार लोटून तिथेच पायरीवर बसले आणि डोळे मिटून ती दुपार आठवू लागले. बांध दिसला. टोपल्यांची रांग दिसली. छातीभर पाण्यात, पाठीला फळी लावून उभा असलेला नारायण अगदी स्पष्ट दिसला. मी त्याच्या डाव्या अंगाला पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. तिथे मला नुसतं पाणी दिसत होतं.